सासरे, नवरा आणि सोसायटीचे सेक्रेटरी

पत्र असं आहे:

"मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते, नोकरी महापे एमआयडीसीत. आठवड्याचे पाच दिवस स्वतः गाडी चालवते, जाऊन-येऊन ४५ किलोमीटर. गाडी २०१६ ची, डिझेल. आता क्लच गेलाय आणि सस्पेन्शन धरून गॅरेजवाल्याने ७५ हजारांचा आकडा काढलाय. म्हणून घरात इलेक्ट्रिक एसयूव्हीचं चाललंय. नवऱ्याला महिंद्राची एक्सईव्ही ९ई हवी, तीही सगळ्यात वरची, मोठ्या बॅटरीची. मला ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक बरी वाटते, हाताला झेपेल अशी. सासू-सासरे चिपळूणजवळ गावी असतात. सासरे रोज फोनवर सांगतात, डिझेलच घ्या, गणपतीला वाटेत अडकलात तर मी इथून बैल पाठवणार नाही. आम्ही वर्षातून चारदा गावी जातो. सोसायटीत आमचं पार्किंग स्टॅकमध्ये, वरचा माळा आमचा, खालचा शेजाऱ्यांचा. चार्जरचं विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, मीटिंगमध्ये घेऊ. शोरूमवाला म्हणतो, पेट्रोलच्या पैशांतच हप्ता निघेल. खरंच निघतो का? – एक वाचक, ठाणे (पश्चिम)"

ताई,

तुमच्या पत्रात सगळ्यात छोटं वाक्य सेक्रेटरींचं आहे, आणि माझ्या हिशेबाने सगळ्यात महागडंही तेच. 'मीटिंगमध्ये घेऊ' याचा आपल्याकडचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे गाडी कुठली ते नंतर बघू. रात्री अकरा वाजता ती कुठे लावणार आणि वायर कुठून येणार, ते आधी.

स्टॅकच्या वरच्या पॅलेटवर चार्जिंग होणार नाही असंच धरून चला. वर-खाली होणाऱ्या लोखंडी पत्र्याला लोंबकळती केबल जोडून द्यायला कुठलाही शहाणा इलेक्ट्रिशियन तयार होत नाही, आणि एखादा झालाच तर त्याच्याकडून घरातला पंखाही दुरुस्त करून घेऊ नका. दुसरी गोष्ट वजनाची. बॅटरीमुळे या गाड्या जड असतात. एक्सईव्ही ९ई दोन टनांच्या आसपास भरते, क्रेटा बरीच हलकी. उद्या सकाळी ऑफिसला निघताना एक काम करा. स्टॅकच्या खांबावर किंवा मोटरच्या डब्यावर अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी पाटी रिव्हेट मारून बसवलेली असते. बहुतेक इमारतींत रंगाऱ्याने तिच्यावरूनच ब्रश फिरवलेला असतो. नखाने खरवडा. तिच्यावर गाडीची कमाल लांबी, रुंदी आणि वजन लिहिलेलं असतं. एक्सईव्ही ९ई ची लांबी ४.७९ मीटर, रुंदी १.९१ मीटर. क्रेटा इलेक्ट्रिक ४.३४ मीटर लांब, १.७९ मीटर रुंद. म्हणजे लांबीत जवळजवळ दीड फूट आणि रुंदीत साडेचार इंचांचा फरक. शोरूमच्या चकचकीत फरशीवर साडेचार इंच दिसत नाहीत. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावर, दोन खांबांच्या मधे उतरताना, हातात डबा, पर्स आणि छत्री असताना दिसतात.

मग वाट काय? पहिली, शेजाऱ्यांशी अदलाबदल. त्यांना वरचा माळा द्या, तुम्ही खाली या. खालच्या माळ्याचं मोल त्यांनाही माहीत आहे. वरची गाडी खाली आणायची तर खालच्याला आधी बाहेर निघावं लागतं, म्हणजे सकाळी साडेसातला बेल वाजवण्याची पाळी आता त्यांच्यावर येणार. तेव्हा नुसता चहा पाजून हे जमणार नाही. जमलंच तर दोघांच्या सह्यांचं पत्र सोसायटीच्या दप्तरी लावून घ्या, नाहीतर त्यांनी फ्लॅट विकला की नव्या मालकासमोर पुन्हा श्रीगणेशा.

दुसरी वाट, जी मला जास्त पसंत आहे: सोसायटीतल्या आणखी चार-पाच घरांना बरोबर घ्या आणि व्हिजिटर पार्किंगच्या दोन जागांवर सामायिक चार्जिंग पॉइंट मागा. वेगळा मीटर, ज्याने जेवढे युनिट घेतले तेवढे त्याच्या मेंटेनन्सच्या बिलात. एकट्या बाईचा अर्ज 'पुढच्या मीटिंगला' जातो, सहा घरांचा अर्ज अजेंड्यावर येतो. हे मी कुणाचा अपमान म्हणून सांगत नाही, माझ्या स्वतःच्या सोसायटीत बघितलंय.

कायद्याची बाजू तुमच्याकडेच झुकते. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये चार्जिंगच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. घरच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला त्यात मुभा आहे आणि हवी तर वेगळी जोडणीही घेता येते. त्याच वर्षी फेब्रुवारीत वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, त्यातही गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिलाय. अर्जाला हे दोन्ही संदर्भ जोडा. सेक्रेटरींना आगीची धास्ती असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. तीनशे घरांची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर असते. त्यांना सांगा की केबल आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाची असेल, ट्रेमधून जाईल, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (जादा भार किंवा गळती झाली की वीज तोडणारी बटणं) असेल, अर्थिंग तपासून घेऊ आणि परवानाधारक कंत्राटदाराचा दाखला देऊ. लिफ्टच्या मशीन रूममधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणायचे उद्योग होतात, भीती त्याची असायला हवी.

खर्चाचा खरा आकडा मीटर रूमपासून तुमच्या जागेपर्यंतच्या अंतरात दडलेला असतो. गाडीबरोबर चार्जर बसवून देतात तेव्हा केबल ठराविक मीटरपर्यंतच धरलेली असते, पुढचे मीटर तुमच्या खिशातून. तिसऱ्या पोडियमवर पार्किंग असेल तर ते अंतर साठ-सत्तर मीटर सहज होतं. टेप घेऊन मोजा, मग शोरूममध्ये जा.

आणि हो, चार्जर म्हटलं की शोरूममध्ये लगेच भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा डबा दाखवतात. महिंद्राने त्याची किंमत सुरुवातीला ५० हजार ठेवली होती, ११.२ किलोवॅटवाल्याची ७५ हजार. तुम्हाला त्याची गरज आहे का? रोज ४५ किलोमीटर म्हणजे मीटरवर साधारण साडेसात युनिट. गीझरच्या प्लगासारखा १५ अँपिअरचा चांगला प्लग तासाला तीन युनिट देतो. अडीच-तीन तासांत दिवसाचा हिशेब पुरा. रात्रभर लावलीत तर दीडशे किलोमीटरची बेगमी. माझ्या घरी गेली चार वर्षं तसाच एक प्लग आहे. मोठा डबा घ्यायला हवा होता असं मला वाटलेलं आठवत नाही. कोटेशनमध्ये चार्जरचे पैसे आधीच धरलेत का, आणि नको असेल तर ते वजा होतात का, एवढं लेखी विचारून घ्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पैसे.

बॅटरीचा आकडा किलोवॅट-तासांत सांगतात. घाबरू नका, एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाइट बिलावरचा एक युनिट. ५९ ची बॅटरी म्हणजे ५९ युनिट मावणारी टाकी. तुमचं ऑफिस, शनिवार-रविवारची फिरती आणि गावच्या चार खेपा मिळून मी वर्षाला १६,००० किलोमीटर धरतो. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून मोठ्या इलेक्ट्रिक गाडीला मीटरवरच्या एका युनिटमागे सहा किलोमीटर पडतात. म्हणजे महिन्याला साधारण २२० युनिट.

हे २२० युनिट कुठल्या मीटरवर चढतात, त्यावर सगळं. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला पायऱ्या आहेत. तुमच्या घरात दोन एसी असतील तर उन्हाळ्यात तुम्ही तीनशेच्या पुढे आधीच गेलेला असता. गाडीचे युनिट त्याच्या डोक्यावर, वरच्या महाग पायऱ्यांवर जाऊन बसतात. तिथे वहन आकार, वीज शुल्क सगळं मिळून मी युनिटला १६ रुपये धरतो. बिलाच्या मागे छापलेला दर बघून तुमचा आकडा घाला. तर घरच्या मीटरवर वर्षाला सुमारे ४२ हजार. गाडीसाठी वेगळा मीटर घेतलात तर त्याला वेगळा दर लागतो, ९ रुपये धरले तर २४ हजारांच्या आत-बाहेर. आणि सोसायटीने काहीच दिलं नाही, सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर केलं, तर १८ टक्के जीएसटी धरून युनिटला बावीसेक रुपये पडतात, म्हणजे ५८ हजार.

तुमची जुनी डिझेल गाडी लिटरला १४ देत असेल आणि डिझेल ९० रुपये, तर हेच १६,००० किलोमीटर १ लाख ३ हजारांत होतात. नवी पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही घोडबंदरच्या गर्दीत लिटरला १० च्या वर देईल असं मला वाटत नाही. १०४ रुपयांनी ते १ लाख ६६ हजार होतात.

शोरूमवाल्याचं गणित या शेवटच्या आकड्यावर उभं असतं. पेट्रोल १ लाख ६६ हजार, वीज २४ हजार, वाचले १ लाख ४२ हजार, म्हणजे महिन्याला जवळजवळ बारा हजार. ऐकायला झकास. पण आज तुम्ही पेट्रोल जाळत नाही, डिझेल जाळता. तुमच्या खिशातून प्रत्यक्ष वाचणार ते ७९ हजार, घरच्या मीटरवर असाल तर ६१ हजार. आणि गाडीसाठी समजा १८ लाखांचं कर्ज काढलंत, ९ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. हप्ता २९ हजारांच्या जवळ. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच १ लाख ५४ हजार. तेव्हा पेट्रोलच्या पैशांतून हप्ता निघत नाही. सगळ्यात स्वस्त पर्याय तुमच्या गॅरेजवाल्याने आधीच सांगितलाय, ७५ हजार. तो तुम्हाला कुणी सुचवला नाही, कारण त्यात कुणाचंच टार्गेट पूर्ण होत नाही.

म्हणून 'वाचवण्यासाठी' नवी गाडी घेऊ नका. नवी गाडी घ्यायचीच आहे, हे घरात एकदा ठरलं, तर मग पेट्रोल की इलेक्ट्रिक हा प्रश्न योग्य आहे आणि तिथे इलेक्ट्रिकचं पारडं जड आहे. एक्सईव्ही ९ई ची मधली आवृत्ती ५९ च्या बॅटरीसह आली तेव्हा एक्स-शोरूम २४ लाख ९० हजार होती. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला मोटर वाहन कर माफ आहे, २०२५ च्या धोरणात ही सवलत पुढे चालू ठेवलीय. १८ लाखांच्या पेट्रोल एसयूव्हीवर १२ टक्के, म्हणजे २ लाख १६ हजार कर लागतो. त्यामुळे शोरूममध्ये सात लाखांचा दिसणारा फरक रस्त्यावर येईपर्यंत पावणेपाच लाखांवर उतरतो. वेगळा मीटर मिळाला तर तो सव्वातीन-साडेतीन वर्षांत भरून निघतो, घरच्या मीटरवर पावणेचार-चार, बाहेरच्या चार्जरवर साडेचारच्या आत-बाहेर. क्रेटा इलेक्ट्रिकची सुरुवात जानेवारी २०२५ मध्ये १७ लाख ९९ हजारांना झाली होती, तिच्यात तर फरक आणखी लवकर फिटतो.

बाहेरच्या चार्जरवरही हिशेब जमतो, मग सोसायटीचा एवढा जप कशाला, असं तुम्ही म्हणाल. वेळेसाठी. महिन्याला २२० युनिट म्हणजे फास्ट चार्जरच्या सहा-सात खेपा, रांग धरून प्रत्येकी तास-सव्वा तास. महाप्याहून सातला सुटून, कापूरबावडीला अर्धा तास घालवून आल्यावर मॉलच्या तळघरात चार्जरपाशी मोबाइल बघत उभं राहायचं. पहिले दोन महिने गंमत वाटते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जर आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाही. असतील तर हे सगळं रामायण टळलं. एचआरला उद्याच विचारा.

टोलबद्दल शोरूममध्ये बरंच ऐकाल, म्हणून सांगतो. २०२५ च्या राज्य धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. तिथे कारला एका बाजूचे २५० रुपये लागतात, तेव्हा शिवडीकडे रोज जाणाऱ्याला ही मोठी गोष्ट आहे. तुम्हाला नाही. आणि ऐरोली पुलाने जायचं म्हणून आनंदनगरला आपण ठाणेकर वर्षानुवर्षं जो टोल भरत होतो, तो ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या गाड्यांना माफ आहे. त्याचं श्रेय बॅटरीला देऊ नका. तसंच आयकराचं. 'व्याजावर दीड लाखाची वजावट मिळते' हे वाक्य अजून फिरतंय. ती कलम ८०ईईबीची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. संपली.

सर्व्हिसिंग स्वस्त पडतं, त्यात वाद नाही. इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, आणि तुमच्या काळजाचा विषय असलेला क्लच नाही. ब्रेक पॅडही जास्त टिकतात. टायर मात्र लवकर झिजतात, कारण वजन जास्त आणि पहिल्याच झटक्याला पूर्ण ताकद. अठरा-एकोणीस इंची टायरचा एक नग बारा-पंधरा हजारांना पडतो. चारचा गुणाकार तुम्हीच करा.

विम्यात थर्ड पार्टी भागाला १५ टक्के सूट आहे. ६५ किलोवॅटच्या वरची मोटर (बॅटरी नव्हे) असलेल्या इलेक्ट्रिक कारला वर्षाला ६,७१२ रुपये, दीड हजार सीसीच्या वरच्या पेट्रोल-डिझेलला ७,८९७. पण उरलेला प्रीमियम गाडीच्या किमतीवर असतो, त्यामुळे एकूण पावती मोठीच येते. तिथे काटकसर नको. झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं कवच) घ्या आणि बॅटरीचं वेगळं कवच घ्या, ज्यात पाणी शिरण्याचा उल्लेख स्पष्ट असेल. कळव्याकडून जात असाल तर विटाव्याचा रेल्वेपूल तुम्हाला माहीतच आहे. बॅटरी सीलबंद असते, गुडघ्याखालच्या पाण्यात काही होत नाही, हे खरं. पण पुलाखाली पाणी किती आहे ते पुढच्या रिक्षावरून ठरवायचं आणि रिक्षा थांबली की आपणही थांबायचं, हा नियम पेट्रोलला होता तोच हिला.

पाच-सात वर्षांनी विकायला काढाल तेव्हा काय मिळेल, याची मला खरी धाकधूक आहे. जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचा बाजार अजून बाळसं धरतोय. गिऱ्हाईक पहिला प्रश्न बॅटरीचा विचारतो. महिंद्राने या गाडीच्या बॅटरीला पहिल्या खासगी मालकासाठी आजीवन वॉरंटी दिली आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की ती पहिल्या नोंदणीपासून १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर होते. ह्युंदाईची बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार. आणि पहिला मालक कोण, ते आरसीवरच्या नावाने ठरतं. यजमानांच्या नावावर घेऊन पुढे तुमच्या नावावर करू, असले बेत आखू नका. चालवणार तुम्ही, तर तुमच्याच नावावर घ्या.

आता यजमानांची मोठी बॅटरी. सगळ्यात वरच्या दोन आवृत्त्यांत ५९ ची २७ लाख ९० हजारांना आणि ७९ ची ३० लाख ५० हजारांना आली. वीस युनिटच्या टाकीचे २ लाख ६० हजार. कंपनी ५९ वाल्याची ५४२ किलोमीटर सांगते, ७९ वाल्याची ६५६. हे आकडे चाचणीतले; एसी, घाट, पाच माणसं आणि डिकीत नारळ असताना मी त्यांचे सत्तर टक्के धरतो. म्हणजे ५९ ची ३८० किलोमीटर. कासारवडवली ते चिपळूण अडीचशे-पावणेतीनशे. न थांबता पोचता आणि शंभरेक उरतात. क्रेटाची ५१.४ वाली बॅटरी, तेव्हाच्या जाहीर ४७३ च्या हिशेबाने, ३३० देईल. तीही पोचते, पण मी माणगावला चहाबरोबर वीस मिनिटं लावेन. वर्षातल्या चार खेपांसाठी अडीच लाख जास्त आणि रोज ऑफिसला रिकामी टाकी वाहून न्यायची, हे मला पटत नाही. तेवढ्या पैशांत चारी खेपांना जेवणासह हॉटेलात मुक्काम होतो आणि वर उरतातच.

गणपतीची भीती मात्र सासरेबुवांची अगदीच खोटी नाही. तीन वर्षांपूर्वी मी चतुर्थीच्या आदल्या रात्री निघालो होतो. माणगावच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात चार्जर. गाडीला लावायच्या दोन गन, त्यातली एक मुकी. माझ्या आधी चार गाड्या. रात्रीचा एक वाजलेला, पाऊस, आणि अ‍ॅप ओटीपी मागतंय तर मोबाइलला रेंज नाही. हॉटेलवाल्याच्या पोराचा फोन उसना घेऊन गच्चीवर चढलो, तेव्हा कुठे मशीन सुरू झालं. दोन तास चाळीस मिनिटं गेली. पुढच्या गाडीतल्या काकूंनी सगळ्यांना थालीपीठ वाटलं नसतं तर भांडणच झालं असतं. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत: गणपतीला घरून शंभर टक्के भरूनच निघायचं, आणि थांबायचं तर चाळीस टक्के असतानाच, दहा टक्क्यांची वाट बघत नाही. चार्जर आता तेव्हापेक्षा पुष्कळ वाढलेत, पण चतुर्थीच्या आदल्या रात्री हायवेवर काय पुरतं? डिझेलवाले तरी वडखळला कुठे उडत जातात?

फीचर्सबद्दल मी हात आखडता घेणार आहे, कारण तो संसारातला विषय आहे. एक्सईव्ही ९ई मध्ये डॅशबोर्डभर १२.३ इंचांचे तीन स्क्रीन आहेत. तिसरा शेजारी बसणाऱ्याचा. तुमच्या पत्रावरून रोज शेजारी कुणी बसत नाही. ३६० अंशांचा कॅमेरा, गार हवा देणारी सीट आणि चांगली हेडलाइट, एवढं तुमच्या रोजच्या उपयोगाचं. काचेचं छत शोरूममध्ये सुंदर दिसतं; मे महिन्यात दुपारी महाप्याच्या उघड्या पार्किंगमध्ये तासभर गाडी लावून बघा. सुरक्षेत कंजुषी नको. भारत एनकॅपची अपघात-चाचणी आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, एक्सईव्ही ९ई ला त्यात पाच तारे आहेत. जी घ्याल तिचे तारे विचारून घ्या.

क्रेटा इलेक्ट्रिकमधली एक सोय मात्र गावाकडे कामाची: गाडीतून बाहेरच्या उपकरणांना वीज देता येते. आरतीच्या वेळी लाइट गेली तर गणपतीसमोरची माळ आणि दोन पंखे गाडीवर चालतात. सासऱ्यांचं मतपरिवर्तन बहुधा तिथेच होईल.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी रिकाम्या सर्व्हिस रोडवर देतात, ती घेऊ नका. संध्याकाळी सहाला मागा. माजिवडा ते गायमुख, मेट्रोच्या खांबांमधून, खड्ड्यांतून. एसीचा वेग कमी करायला स्क्रीनवर किती वेळा बोट लावावं लागतं ते मोजा, आणि तेव्हा नजर रस्त्यावर होती का तेही. मागच्या सीटवर घरातल्या कुणा मोठ्या माणसाला बसवा. बॅटरी फरशीखाली असल्याने पाय थोडे वर येतात, मांडीखाली आधार कमी पडतो. पाच तासांच्या प्रवासात गुडघे बोलतात. आणि एक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप मंदावते, ते प्रमाण सेटिंगमध्ये कमी ठेवा. चालवणाऱ्याला मजा येते, मागच्यांना मळमळतं. माझ्या सासूबाईंनी पेणपर्यंत दोन लिंबं संपवली होती.

तर माझं मत. अदलाबदल किंवा सामायिक पॉइंट, यांपैकी काहीतरी लेखी हातात आलं तर इलेक्ट्रिक घ्या, आणि तुमच्या मनातली घ्या. रोज चालवणार तुम्ही. पार्किंगची पाटी परवानगी देत असेल आणि यजमान अगदीच हट्टाला पेटले तर एक्सईव्ही ९ई ची ५९ वाली, मधली आवृत्ती. त्याच्या वर एक रुपया नाही. लेखी काहीच मिळालं नाही तर क्लच बदलून डिझेल आणखी दोन वर्षं चालवा, सहा घरांचा अर्ज चालू ठेवा. दोन वर्षांत गाड्या कुठे पळून जात नाहीत, आल्याच तर चार नव्या येतील.

आणि सासऱ्यांना आजच फोन लावा. बैल नकोत म्हणावं. पडवीत १५ अँपिअरचा एक प्लग काढून ठेवा, आणि वायरमनला उभं करून अर्थिंग नीट करून घ्या. गावच्या व्होल्टेजला एक-दोन रात्री लागतील, पण निघायच्या दिवशी सकाळी चहा होईपर्यंत परतीपुरती गाडी भरलेली असेल.